रोजच्या मालिका शेवटी शेवटी का ढासळतात? (आकुकाक आणि इतर)

रानजाई

'आई कुठे काय करते' (आकुकाक) संपून बराच काळ लोटला तरी आमच्या घरातला त्यावरचा वाद काही मिटत नाही, म्हणून इथे मांडते. डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ ला संपली, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. त्यातलं पहिलं दीड-पावणेदोन वर्षं मी अगदी नेमाने बघितली. अरुंधती ओट्याशी उभी, सासरे आप्पांचा चहा, सासू कांचनताईंची कुरकुर, मुलगी ईशाचं काहीतरी सापडत नाहीये, नवरा अनिरुद्धला उशीर होतोय, आणि ह्या सगळ्यात ती एक वाक्य बोलायला जाते ते कुणी पुरतं ऐकूनच घेत नाही. मधुराणी प्रभुलकर तिथे काही मोठा अभिनय करायच्या नाहीत, नुसत्या ओट्याकडे वळायच्या. तेवढ्यात सगळं कळायचं.

मग अनिरुद्धचं संजना प्रकरण उघडकीला आलं, २०२१ मध्ये घटस्फोट झाला, बाई घराबाहेर पडली. इथपर्यंत एक नंबर. पण बाहेर पडलेली ही बाई रोज उठून परत सासरच्या 'समृद्धी'च्या दिवाणखान्यात! कुणाचं भांडण, कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न मोडतंय, बोलवा अरुंधतीला. २०२३ मध्ये आशुतोषशी लग्न झालं तरी तेच. आणि २०२४ च्या सुरुवातीला तर आशुतोषलाच मारून टाकलं. ज्या निर्णयासाठी तिला (आणि आपल्याला) वर्ष-दीड वर्ष झगडायला लावलं तो निर्णयच लेखकांनी हळूहळू परत काढून घेतला. माझं ठाम मत आहे की मालिका लांबली म्हणून बिघडत नाही, ती इथे बिघडते.

तुम्ही कुठली मालिका कुठल्या वळणावर सोडलीत आणि का, ते सांगा. 'मी मालिका बघतच नाही' असं लिहायला कृपया येऊ नका.

कट्टेकरी

मी मालिका बघतच ना... बरं बरं, जातो.

माजघर

रानजाई, शंभर टक्के अनुमोदन. फक्त एक भर घालते. मला उत्तरार्धात सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते संजनाचं. लग्न होऊन ती त्या घरात आली आणि थोड्याच दिवसांत तिच्याकडूनही तेच सगळं अपेक्षित व्हायला लागलं, चहा, डबे, सणवार, सासूची मर्जी. जी बाई अनिरुद्धच्या ऑफिसात त्याच्या बरोबरीने बसायची तिला तो घरात आल्यावर तुसडेपणाने बोलायला लागला. रुपाली भोसलेने ते फार छान केलं होतं. तिथे लेखकांच्या हातात केवढा मोठा मुद्दा आला होता की बाबा, बाई बदलली तरी त्या घरातली जागा तीच राहते! मी आईला म्हटलंही, आता बघ काय मजा येते. पण नाही. जरा ती माणूस वाटायला लागली की परत कारस्थान, परत कानाला फोन लावून खिडकीशी उभी. दोन महिने माणूस, दोन महिने खलनायिका. असं करून करून त्या पात्रात काही उरलंच नाही.

निवडुंग_२

+१ माजघर. संजनाचं अगदी अगदी.

पाचवा_माळा

मी काही वर्षं मालिकांच्या निर्मितीत काम केलंय (कुठे ते विचारू नका), तर आतली बाजू सांगतो. आधी गणित बघा. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२. जाहिराती वगळून भाग साधारण २२ मिनिटांचा. म्हणजे वर्षाला ११४ तासांचं कथानक, अडीच तासांचे ४५ सिनेमे, एकाच कुटुंबावर. त्यात मध्येच महाएपिसोड, एखाद्या आठवड्यात रविवारही. कथा एकजण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, आणि त्या तिघांच्या वर चॅनलचे लोक बसलेले. आधीच शूट करून ठेवलेल्या भागांची बँक सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांची असते, वर्षभरात ती संपते आणि मग परवा दाखवायचा भाग आज शूट होतोय अशी वेळ येते. कलाकार मेकअपला बसलेला असतो आणि सीनचे कागद तेव्हा हातात पडतात.

आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. गेल्या आठवड्यात नायिका रडली तेव्हा आकडा वर गेला असेल तर पुढच्या आठवड्यात ती काय करणार हे तुम्हीच ओळखा. रानजाई, तुम्ही म्हणता तसा निर्णय 'काढून घ्यायचा' असं कुणी बसून ठरवत नाही. त्या गुरुवारी 'अनिरुद्ध-अरुंधती समोरासमोर' हा सीन चालला, म्हणून तो परत लिहिला जातो, परत चालतो, परत लिहिला जातो. एवढंच.

टोरांटोकर

इथे एक गोष्ट कुणी बोललंच नाही. आकुकाक ही मुळात बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली. तीच गोष्ट हिंदीत 'अनुपमा' झाली, २०२० च्या जुलैमध्ये. माझी शेजारीण कोलकात्याची आहे, ती श्रीमोयी बघायची आणि मी आकुकाक, आमच्या स्वयंपाकघरात दोन्ही घरच्या सासवांची तुलना चालायची. तर मूळ बंगाली मालिका जून २०१९ ला सुरू होऊन डिसेंबर २०२१ ला संपली. अडीच वर्षांत! तिथे श्रीमोयीची गोष्ट सांगून झाली, त्यांनी पाटी पुसली. मराठी त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं चालली. म्हणजे पाठीशी मूळ गोष्टच नसलेली तीन वर्षं. तुम्हाला जी घसरण वाटते ती ह्याच काळातली आहे का बघा.

रानजाई

टोरांटोकर, हे माहीत होतं पण असं तारखा मांडून कधी बघितलं नव्हतं. अगदी हाच काळ!! २०२२ पासून पुढे मला सारखं वाटायचं की ही माणसं बोलतायत पण त्यांना पुढे जायला रस्ता नाहीये.

पाचवा_माळा, तुमचं गणित पटलं. पण गुरुवारच्या आकड्यांनी सगळं होतं म्हटलं तर मग सुरुवातीची दीड वर्षं चांगली कशी होती? तेव्हाही गुरुवार यायचाच की.

कट्टेकरी

आता खरंच लिहितो. 'होणार सून मी ह्या घरची'. जान्हवी-श्री, सहा सासवा, गोखले गृहउद्योग. सुरुवातीला काय गोड होती ती मालिका. बँकेत काम करणारी साधी मुलगी, घरी सावत्र आई पैशावर डोळा ठेवून, आणि इकडे एकुलत्या एक मुलावर सहा बायकांचा जीव. मग जान्हवीचा अपघात, मग स्मृती गेली, मग आली, आणि मग ती प्रसिद्ध गर्भारपणाची गोष्ट. लोकांच्या व्हॉट्सॅपवर त्या काळात दुसरा विषय नव्हता. आमच्या सोसायटीत जान्हवीच्या नंतर बातमी आलेल्या दोघींची बारशी उरकून बाळं रांगायला लागली, जान्हवी आपली अजून डोहाळजेवणातच. २०१६ च्या जानेवारीत एकदाचं सगळं पार पडलं.

मिरजेची_मावशी

कट्टेकरी, हसून हसून पुरेवाट! आमच्याकडे एक आजी रोज विचारायच्या, 'झाली का गं मोकळी?'

भिलवडीकर

आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात 'तुझ्यात जीव रंगला'नं काय वेड लावलंतं ते इथल्या पुण्या-मुंबईच्या लोकास्नी कळायचं नाही. वसगडं गावात वाड्याचं शूटिंग, तिथं माणसं गाड्या करून जायची बघायला. राणादा म्हंजे अडाणी, भोळा, तालमीतला गडी, आणि अंजलीबाई शिकलेल्या. तो तिच्याकडनं अक्षरं गिरवतोय आणि ती त्याच्याकडनं शेत-माती शिकत्या, एवढीच गोष्ट होती आणि ती पुरेशी होती. तालमीत लाल मातीत घुमणारा हार्दिक जोशी बघून पोरं खरंच तालमीत जायला लागलीती.

मग त्याला मारला. मग राजा राजगोंडा म्हणून तसाच दिसणारा आणला, गॉगल आणि काय काय. आमच्या आबांनी त्या दिवशी टीव्ही बंद केला. म्हणाले, ज्या माणसाला मी रोज जेवताना समोर बघत होतो त्यो असा बोलूच शकत न्हाई. मला वाटतं रानजाई, तुम्ही निर्णयाबद्दल बोलताय तेच हे, फक्त इथं माणूसच काढून घेतला.

रानजाई

भिलवडीकर, आबांना माझा नमस्कार सांगा. माझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा त्यांचं वाक्य नेमकं आहे.

वर्धेची_वेणू

मी नागपूरकडची, म्हणून 'माझ्या नवऱ्याची बायको' माझ्या काळजातली. वऱ्हाडी बोलणारी नायिका, ते पण विनोदासाठी नाही तर नायिका म्हणून, असं किती वेळा झालंय सांगा! राधिकेने मसाले करायला घेतले तो भाग माझ्या आवडीचा. कसं की ती धणे-खोबरं भाजते, पुड्या बांधते, सोसायटीतल्या बायकांना हाताशी धरते, हिशेब लिहिते. आमच्या इथल्या बचतगटाच्या बाया ते बघून म्हणायच्या की हे आपलंच हाय. आणि मग काय झालं, एकदम तीनशे कोटींची कंपनी. पुडी बांधणारी बाई डायरेक्ट एमडीच्या खुर्चीत! मधलं सगळं गायब. बँकेचं कर्ज कसं मिळालं, माल परत आला तेव्हा काय केलं, उधारी कशी वसूल केली, हे दाखवलं असतं ना तर मी आणखी चार वर्षं बघितली असती. त्यापेक्षा नवऱ्याची ती शनाया परत आली, शनाया परत गेली, शनायाची अभिनेत्री बदलली, पहिली परत आली, ह्याच्यातच २०२१ उजाडलं.

माजघर

वेणू, 'मधलं सगळं गायब' हे फार महत्त्वाचं बोललात. आकुकाकमध्ये अरुंधती गायिका झाली तेव्हाही तसंच. पंचवीस वर्षं न गायलेली बाई, तिचा आवाज बसलेला असणार, दम पुरत नसणार, रियाजाला वेळ काढावा लागणार. ते दोन-चार भागांत उरकलं आणि घरची भांडणं महिनोन् महिने.

नर्मदा_ग

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये आकुकाक साडेसातवरून दुपारी अडीचला नेली तेव्हा त्यांनी जेवणाची वेळ बदलली, पण मालिका सोडली नाही. त्यांना मी एकदा विचारलं की आई, ह्यात आता काय राहिलंय? त्या म्हणाल्या, गोष्ट कोण बघतंय, मी कांचनला बघते. त्यांना ती माणसं रोज भेटायला हवी असतात. शेजारपाजारच्या बायका पूर्वी दुपारी दारात बसायच्या तेव्हा तरी कुणाच्या बोलण्यात कथानक पुढे सरकत होतं? तेच ते, सून अशी आणि मुलगा तसा, तरी रोज बसायच्याच. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले, ती काय उत्कंठेवर चालली असेल? रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड ह्या दोघी रोज संध्याकाळी घरी येत होत्या म्हणून चालली.

तुम्ही सगळे जी घसरण म्हणताय ती आपल्यासारख्या, दुसरं काहीही बघायची सोय असलेल्या लोकांना दिसते. ज्यांच्यासाठी ती मालिका दिवसातला एक ठरलेला तास आहे त्यांच्या दृष्टीने शेवटच्या दिवशी घरातलं माणूस गेलं. आमच्याकडे त्या नोव्हेंबरात दोन दिवस दुपारी टीव्ही लागलाच नाही.

निवडुंग_२

नर्मदाताई, वाचून गप्प झाले. आमच्या आजीचं 'चार दिवस सासूचे'च्या वेळी असंच झालं होतं.

खमंग

नर्मदा_ग यांचा मुद्दा मान्य, पण त्यातूनच उलट निघतं. जी माणसं रोज भेटायला येतात त्यांच्याशी तरी लेखकांनी इमानदारीने वागावं. सासूबाईंना कांचन आवडते ना, मग कांचन चार वर्षांत बदलली का, तिला काही उमगलं का? एक दिवस अरुंधतीच्या गळ्यात पडून रडणार, दुसऱ्या दिवशी 'माझा अनिरुद्ध'! रोज येणाऱ्या शेजारणीचंसुद्धा कालचं बोलणं आज लक्षात असतं हो.

आणि मला 'आभाळमाया' आठवतेय. सुकन्या कुलकर्णी आणि मनोज जोशी. १९९९ ची गोष्ट, अल्फा मराठी नवं होतं. तिथेही नवऱ्याचं दुसरं नातं, तिथेही सुशिक्षित, नोकरी करणारी बायको आणि वाढत्या वयाच्या मुली. पण सुधा जोशी जे ठरवायची त्याचे परिणाम पुढच्या वर्षी दिसायचे, मुलींच्या वागण्यात दिसायचे. चार वर्षं तीही चाललीच ना. मध्ये मध्ये रेंगाळायची, नाही असं नाही, पण माणसं विसराळू नव्हती. त्याच सुमाराला 'प्रपंच' होती, प्रतिमा कुलकर्णींची, ती तर रोजची नव्हतीच. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, समुद्राकाठचं घर. सांगायचं तेवढं सांगून गप्प झाली.

सिंधुदुर्गी

मालिकांचा विषय निघालाच आसा तर 'रात्रीस खेळ चाले' विसरू नकात. तसं भुताखेतांचं, पण मुळात नाईकांच्या घराची, जमिनीच्या वाटण्यांचीच गोष्ट. २०१६ ला पहिलं पर्व, आकेरीतला वाडा, आमच्या कुडाळ तालुक्यातला. अण्णा गेल्यावर सगळी भावंडं जमतात तिथून सुरू. आमच्याकडे घरोघरी अशीच सामायिक घरं आहेत, मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात आणि आरती संपली की हिश्श्याचा विषय निघतो, त्यामुळे भुतापेक्षा त्या भांडणांचीच भीती वाटायची. दुसऱ्या पर्वात मागे जाऊन अण्णा जिवंत दाखवले, म्हणजे माधव अभ्यंकर, आणि त्यांची शेवंता, ते पर्व माझ्या मते पहिल्यापेक्षा सरस. म्हणजे पुढचं पर्व वाईटच असतं असा काही नियम नाही. पण दुसऱ्याच्या शेवटी शेवटी आणि तिसऱ्यात अण्णा-शेवंता चालतायत म्हणून सगळं त्यांच्याभोवतीच फिरवत ठेवलं आणि घर, वाटण्या, भावंडं मागे पडली. भूत होतं, पण ज्या घराला ते झपाटणार ते घरच उरलं नाही.

टोरांटोकर

सिंधुदुर्गी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

रच्याकने (जाता जाता) 'अग्निहोत्र' बघितलेले कुणी आहेत का? २००८ ते २०१० ची, सतीश राजवाडे. नाशिकचा वाडा आणि विखुरलेलं कुटुंब. गोष्टीला शेवट आधीपासून ठरलेला असावा असं बघताना सतत जाणवायचं. पुढे २०१९ मध्ये दुसरं पर्व आणलं, ते काही महिन्यांतच बंद झालं.

पाचवा_माळा

रानजाई, तुमचा प्रश्न राहिला होता, सुरुवातीची दीड वर्षं चांगली कशी. कारण तेवढी गोष्ट मालिका मंजूर होतानाच लिहिलेली असते. रीमेक असली तर समोर मूळ भागही असतात. त्यानंतरचं जे काही ते 'ट्रॅक'. ट्रॅक म्हणजे तीन-चार आठवड्यांचं एक प्रकरण, सुरू करायचं, पेटवायचं, विझवायचं. विझवताना पात्रं जिथून निघाली तिथेच परत आणून ठेवावी लागतात, म्हणजे पुढचा ट्रॅक लावता येतो. तुम्ही म्हणता तो निर्णय असाच जातो.

आणि करोनाचं विसरू नका. मार्च २०२० मध्ये सगळी शूटिंग बंद पडली, पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा ६५ च्या वरच्या लोकांना सेटवर यायला बंदी होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पण तोवर किती मालिकांतले आजी-आजोबा 'गावी' गेले किंवा फोनवरूनच आशीर्वाद द्यायला लागले आठवतंय का? ज्येष्ठ कलाकारांचं उत्पन्न बंद, त्यांची आठवण काढायलाही कुणी नव्हतं, आणि घरातली मोठी माणसं गेल्यावर कौटुंबिक मालिकेत कुटुंब काय राहणार.

दर्यावर्दी_म्हापसा

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा बरीच युनिटं आमच्या गोव्यात आली होती, काही सिल्वासाला गेली. मालिकेत कारण काय, तर अचानक सगळं खानदान सहलीला. मे महिन्यात इथली परवानगीही काढून घेतली, तेव्हा आमच्या भागातले आकडे रोज वाढत होते, लोकांना ऑक्सिजन मिळत नव्हता. तेव्हा त्या शूटिंगचा राग यायचा. आता वाटतं, पोट हातावर असलेले लाइटमन आणि स्पॉटदादा त्यात होते, त्यांनी तरी काय करायचं.

उंबरठा_ओलांडून

इतके दिवस नुसती वाचत होते, हा धागा बघून सदस्यत्व घेतलं.

रानजाई, मला तुमच्या मूळ मुद्द्याशीच वाद घालायचाय. माझा घटस्फोट झालेला आहे. मीही सासरी परत जाते. सासऱ्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात रात्री मीच होते, कारण मुलांचे ते आजोबा आहेत आणि माझा त्यांच्यावर जीव आहे. त्यामुळे अरुंधती परत परत त्या घरात जाते हे मला खोटं वाटलं नाही, उलट तेच खरं वाटलं. निर्णय घेतला म्हणून नाती कापली जात नाहीत.

खोटं काय वाटलं सांगते. तिथे जायची किंमत तिला कधी मोजावी लागली नाही. त्या रात्रीनंतर मी आठवडाभर कुणाशी नीट बोलले नव्हते. माझ्या आईने अबोला धरला, मुलीने विचारलं की म्हणजे आता तुम्ही परत एकत्र येणार का. पार्किंगमध्ये माझ्या पूर्वीच्या नवऱ्याने 'थँक यू' म्हटलं आणि मला त्याचा इतका संताप आला की रिक्षा सोडून चालत घरी आले. असं काहीतरी अरुंधतीला व्हायला हवं होतं. ती तिथे जाते, सगळ्यांना चार शहाण्या गोष्टी सांगते, पार्श्वसंगीत वाजतं आणि ती तितक्याच स्वच्छ चेहऱ्याने परत येते. बाईला देवी केली तिथे माझा आणि तिचा संबंध संपला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ईशाचं लग्न. मुलगी दिली तीही अनिशला, आशुतोषच्याच नात्यातल्या. दोन्ही घरं अशी बांधून टाकली की कुणाला कुणापासून लांब जाताच येऊ नये. मी तिथे सोडली.

वर्धेची_वेणू

ताई, फार बरं केलं लिहिलंत ते. स्वागत आहे.

रानजाई

उंबरठा_ओलांडून, मनापासून आभार. ती परत जाते ह्याला माझा विरोध होता, तो तुमचा प्रतिसाद वाचून मी सोडला. किंमत मोजावी लागत नाही हे जास्त खरं आहे. आशुतोषच्या मृत्यूबद्दल मात्र मी ठाम आहे, तो तिला मोजायला लावलेली किंमत नव्हता, ती जागा रिकामी करून मिहिरला आणायची सोय होती. दुःख पुरतं बसायच्या आत नवा माणूस दारात.

माजघर

मिहिरबद्दल मी वेगळा धागा काढणार होते, इतकं बोलायचंय!

कट्टेकरी

काढा काढा. मी तिथेही पहिला प्रतिसाद देईन.

नर्मदा_ग

उंबरठा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या की हिला मालिका लिहायला सांगा, मी अडीचला नाही तर पहाटे चारला उठून बघेन. आणि माजघर, मिहिरचा धागा काढलात तर मला सांगा, त्यांचं त्याच्याबद्दलही बरंच म्हणणं आहे, मी टाइप करून देईन.